गेटावरचा उशीर

पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकराच्या तोंडी आठवड्यातून एकदा तरी हुतात्म्यांचं नाव येतंच. ‘हुतात्मा मिळाली का?’ ‘हुतात्मा फुल आहे.’ ‘हुतात्मा लेट आहे, कुर्डुवाडीला उभी केलीय.’ माझ्या भाच्यानं लहानपणी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की हुतात्मा हे कुठल्या स्टेशनचं नाव आहे. घरातले सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पोराचा तर्क बिनचूक होता. गाड्यांना नद्यांची, किल्ल्यांची, गावांची नावं असतात. माणसं मरतात आणि मग त्यांची गाडी होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती चार माणसं होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशी चौघांची मोट आपोआप बांधली गेल्यानं पुढं भाषणं करणाऱ्यांची मोठीच सोय झाली. पण त्या फाशीच्या मागं असलेला मे महिना भाषणात मावण्यासारखा नव्हता. १९३० च्या ५ मेला गांधीजींना अटक झाली, बातमी सोलापूरच्या गिरण्यांत पोचली आणि साचे थांबले. ८ मेला जमाव रूपाभवानीकडं शिंदीची झाडं तोडायला गेला. तिथून झटापट, मग गोळीबार. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पहिला पडला. चिडलेल्या लोकांनी पोलीस चौक्या आणि कोर्ट पेटवलं. पोलिसांनी गाव सोडलं. पुढचे काही दिवस सोलापुरात इंग्रजाचं राज्य म्हणून काही शिल्लक नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून टांगे डावीकडून सोडत होते. १२ मेला लष्कराच्या हाती गाव गेलं आणि मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत. व्हाइसरॉयला त्यासाठी सोलापूरच्या नावानं खास वटहुकूम काढावा लागला.

एवढं आम्हाला पाठ आहे. शाळेत पाठ करून घेतलंय. चौघांचे पुतळे आहेत, दरसाल हार पडतात. हुतात्मा स्मृती मंदिर नावाचं नाट्यगृह आहे, तिथं मी आयुष्यातली बहुतेक विनोदी नाटकं पाहिली.

माझ्या आजीचा मार्शल लॉ मात्र टोपीपासून सुरू व्हायचा. पांढरी टोपी दिसली की सोल्जर ती काढायला लावत, वर रट्टे देत. आजोबा तेव्हा जुन्या मिलमध्ये बदलीवर होते, वय असेल बाविसेक. त्यांची एकच टोपी. जाळून टाक म्हणाले सगळे. आजीला खादीचं कापड जाळवेना. तिनं ती ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवली. हे सांगताना ती उजवा हात कोपरात वाकवून, मूठ मिटून, हवेतल्या कणगीत घालून दाखवायची. मग काही दिवसांनी दळणासाठी ज्वारी काढताना टोपी वर आली आणि त्याच वेळी गल्लीत बुटांचा आवाज आला. पुढं काय केलं, हे दर वेळी वेगळं असायचं. एकदा ती टोपीवर बसली होती. एकदा तिनं ती चुलीजवळच्या भगुण्याखाली चुंबळ म्हणून लावली. एकदा सासूबाईंनी ती लुगड्याच्या ओच्यात घातली. आम्हाला तिन्ही खरं वाटायचं.

तिच्या गोष्टीत काही प्रश्न होते, ते पुस्तकात नव्हते. ‘चार दिवस राज्य कुणाचंच नव्हतं म्हणतात, तर दूध कुणी आणलं?’ आणि स्वतःच उत्तर द्यायची, की रोजच्याच गवळ्यानं आणलं. राज्य असो नसो, म्हैस पान्हवते. दुसरी गोष्ट ती दबक्या आवाजात सांगायची. फाशीची शिक्षा झाली होती पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. त्या जाळपोळीत पोलीसही मेले होते. ‘ते पण कुणाची तरी लेकरंच होती की रे,’ एवढं म्हणून ती थांबायची. आजोबा त्यावर काही बोलायचे नाहीत. चौघांवर तिची अपार श्रद्धा होती. संक्रांतीच्या तोंडावर बातमी आली आणि त्या वर्षी गल्लीत कुणाच्या तोंडाला तिळगूळ गोड लागला नाही, हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे. तरीही ती पोलिसांना वगळत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच पदराला बांधलेल्या होत्या.

गावातून इंग्रज नाहीसा झाला होता तो किती दिवस, यावरही घरात एकमत नव्हतं. आजी चार म्हणायची, आजोबा तीन. शेजारच्या पद्मशाली कुटुंबातल्या म्हाताऱ्या आज्जी, ज्यांच्या मराठीला तेलुगूचा हेल होता, त्या म्हणायच्या की तसलं काही त्यांना कळलंच नाही, त्यांचा हातमाग चालूच होता. धोटा थांबला असता तर संध्याकाळी चूल थांबली असती. ही साक्ष मला फार महत्त्वाची वाटते. शहराच्या इतिहासातले सर्वांत मोठे दिवस चालले असताना अर्धं शहर कापडाच्या पुढच्या वावाचा विचार करत होतं.

आता दर १२ जानेवारीला फोनवर एक मजकूर येतो. चौघांचे फोटो, तिरंगा, आणि ‘देशात सर्वांत आधी स्वातंत्र्य उपभोगलेलं शहर’ असं ठसठशीत शीर्षक. मीही तो पुढं पाठवतो. त्या मजकुरात दूधवाला नाही, टोपी नाही, मेलेले पोलीस नाहीत, चालू असलेला माग नाही. म्हाताऱ्यांच्या गोष्टी एकमेकींशी जुळत नसत, म्हणून ऐकणाऱ्याला प्रश्न पडत. हा मजकूर सगळ्यांकडं शब्दशः सारखाच आहे, त्यामुळं तो वाचून कुणी कुणाला काही विचारत नाही.

विस्मरण म्हणजे माहिती हरवणं, असं आपण धरून चालतो. सोलापूरची माहिती काही हरवलेली नाही. हवी तेवढी मिळते. हरवली ती सांगण्याची वेळ.

वेळ हे इथं अलंकारिक बोलणं नाही. आमच्याकडं घड्याळ ही जावयाला द्यायची वस्तू होती, वेळ सांगायचा तो भोंगा. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल, प्रत्येकीच्या भोंग्याचा आवाज निराळा आणि तो कुणाचा हे झोपेतही कळायचं. आजीचा सगळा स्वयंपाक भोंग्यावर बेतलेला. तिचा हिशेब मात्र थोडा वेगळा होता. भोंगा झाला की ती पीठ मळायला घ्यायची, भाकरी थापायची नाही. ‘गेटावर खोळंबा असतो,’ म्हणायची. आम्ही तो खोळंबा म्हणजे झडतीचा असेल असं समजून चालायचो. गिरणीत सुताची कांडी कुणी कमरेला खोचून नेत नाही ना, हे बघायला दारावर माणूस असेच.

जन्मसुद्धा पाळ्यांवर मोजले जात. माझी थोरली आत्या स्वतःला ‘तिसऱ्या पाळीची’ म्हणवते. दुसऱ्या महायुद्धात कापडाला मागणी आली, गिरण्या रात्रभर चालू लागल्या, त्या काळातला तिचा जन्म. तारीख विचाराल तर शाळेच्या दाखल्यावरची सांगेल आणि लगेच ती खोटी आहे असंही सांगेल.

पाळी सुटली की अख्खी गल्ली एकाच वेळी मोकळी होई. ओट्यावर, कट्ट्यावर, नळाच्या रांगेत. गोष्ट सांगायला निदान दोघं एका वेळी रिकामे असावे लागतात, आणि गिरणीनं हजारो माणसांना एकाच वेळी रिकामं केलं होतं. मॉरिस हालब्वाक्स नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली मांडलं, की माणूस एकटा आठवतच नाही. तो ज्या गोतावळ्यात असतो त्याच्या चौकटीत आठवतो, आणि चौकट मोडली की आठवण निराधार होते. हा विद्वान १९४५ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत मेला. सोलापूरपुरतं म्हणायचं तर ती चौकट भोंग्याची होती. आता सोलापूरचा एक मुलगा हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळानं काम करतो, दुसरा एमआयडीसीत कंत्राटी पाळी करतो, सून शाळेत, सासू देवळात. सगळे एकत्र मोकळे होतात ते लग्नात, आणि तिथं डीजे असतो.

पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौकाच्या बाजूला, ही चौकट जरा जास्त टिकली, ती विड्यांमुळं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं. डाव्या हातात पान, उजव्या हाताची चिमूट तंबाखू पसरते, दोन्ही अंगठे पान वळत नेतात, तोंड दुमडलं जातं, दोरा दोन वेढे घेतो, झालं. नजर लागत नाही. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, यासारखी गोष्ट सांगायला दुसरी जागा नाही. पाच-सहा बायका गोल करून बसत आणि तेलुगूत सासू, निजाम, पोचम्मा, रझाकार, सगळं एका दमात निघे. मला शब्द कळत नसत. पण कुठं हसायचं ते कळे. त्यांतल्या कितीतरी जणी आता कुंभारीच्या वसाहतीत राहतात. गोदूताई परुळेकरांचं नाव असलेली विडी कामगार बायकांच्या हक्काची ती दहा हजार घरं. स्वतःच्या नावावर घर मिळालं, याच्यापुढं गल्लीतल्या गप्पांचं रडगाणं गाणं हा शुद्ध लबाडपणा होईल. भाड्याच्या एका खोलीत खाली माग आणि वर माणसं, असं ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना ते गोल करून बसणं हवंच होतं, असं मी तरी म्हणणार नाही.

गिरण्यांचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकेक करून भोंगे बंद पडले. पण त्यांतल्या जुन्या मिलची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिची आठवण भलत्याच ठिकाणी जिवंत आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी ही मोरारजी गोकुळदासांनी १८७४ साली काढली, १८७७ च्या सुमारास ती चालू झाली. दुष्काळाचे दिवस होते, रानातून माणसं पोटासाठी गावात येत होती. त्यांना गिरणीनं घेतलं. पाऊणशे वर्षांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, ती मालकांच्या कारभारात बंद पडली. हजारो घरांतली चूल विझू नये म्हणून जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. देश प्रजासत्ताक व्हायला थोडेच दिवस राहिले होते. पुढं चिरंजीतलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले, की एकाच गिरणीसाठी वेगळा कायदा म्हणजे समानतेचा भंग आहे. डिसेंबर १९५० मध्ये ते हरले. मग द्वारकादास श्रीनिवास गेले, त्यांचं म्हणणं १९५३ च्या डिसेंबरात न्यायालयानं मान्य केलं आणि तो कायदा टिकला नाही. मालमत्तेच्या हक्कावरच्या असल्या निकालांमुळंच १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती आली.

म्हणजे दिल्लीत, बंगळूरमध्ये, कायद्याच्या कुठल्याही वर्गात आजही पोरं ‘शोलापूर’ हे नाव परीक्षेसाठी घोकतात. समानता म्हणजे काय, मालमत्ता हिरावणं म्हणजे काय, हे ती आमच्या गिरणीवरून शिकतात. सोलापुरात मात्र ‘जुनी मिल’ हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. तिथं घरं आहेत, दुकानं आहेत, सिनेमा आहे. मी एकदा तिथल्या एका चहावाल्याला विचारलं, मिल कुठं होती हो? तो म्हणाला, हीच की. मग नवी कुठली? तो गोंधळला. मीही गोंधळलो, कारण हा प्रश्न मलाही आधी सुचला नव्हता. पुढच्या गिरण्या निघाल्या म्हणून ही जुनी. आता ‘नव्या’ गेल्या आणि ‘जुनी’ तेवढी नावात राहिली.

आमच्या घरात त्या दोन खटल्यांची आठवण कशी उरली, तर ‘शेंगाचटणीचं वर्ष’ अशी. मिल बंद, पगार बंद, कोरड्यास नाही, भाकरीबरोबर फक्त शेंगादाण्याची चटणी. ती चटणी आता सोलापूरची खासियत म्हणून प्लास्टिकच्या डब्यात स्टेशनवर मिळते. आजोबांनी मरेपर्यंत ती पुन्हा ताटात घेतली नाही.

पाहुण्यांना हे सांगितलं की ते विचारतात, आजोबांचा गिरणीतला एखादा फोटो असेल ना? नाही. गिरणीत ज्यांनी हयात काढली त्यांच्याकडं गिरणीचा फोटो नाही. आणि १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली तेव्हा काय झालं? होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला ती आडवी येत होती. ती ठेवायची की पाडायची यावर गावात कित्येक वर्षं भांडण चाललं. नव्वदेक मीटर उंचीची ती चिमणी सुरुंगानं काही सेकंदांत बसली, आणि ते पाहायला गच्च्यांवर, पुलांवर, झाडांवर माणसं फोन उगारून उभी होती. शेतकऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणीही चित्रित झालं. अलीकडं उभारलेल्या त्या चिमणीच्या पडण्याच्या हजारो चित्रफिती आहेत. ज्यांच्या सावलीत तीन पिढ्या वाढल्या, त्या गिरण्यांच्या चिमण्यांबद्दल आमच्याकडं आहेत ती फक्त म्हाताऱ्यांची वाक्यं. आज सगळं टिपलं जातं, पण टिपलेलं परत बघायला कुणी बसत नाही. माझ्याच फोनमध्ये ती चित्रफीत आहे. मी ती एकदाही उघडलेली नाही.

याच्या उलट एक गोष्ट गावात आहे, जिला ना फोटो लागतो ना पुस्तक. गड्ड्याची यात्रा. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांच्याशीच लग्न करीन म्हणणारी कुंभारकन्या, आणि तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागणं, ही कथा आम्ही दर संक्रांतीला पुन्हा घडवतो. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. सातही काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांत वाटून दिलेले. या उंच काठ्या उभ्या पेलत नेण्याचा सराव कैक आठवडे आधीपासून रात्री चालतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा पुण्यात संगणकाचं काम करतो, तो या सरावासाठी शनिवारी गाडी पकडून येतो. सिद्धरामांची वचनं त्याला एकही येत नाहीत. पण काठी डोलली की कंबर कुठं वळवायची, हे त्याला त्याच्या बापाकडून आलंय आणि बापाला आज्याकडून. आठशे वर्षांची स्मृती टिकली ती अशी, खांद्याकमरेतून. मार्शल लॉची शंभर वर्षंही अजून व्हायची आहेत, तर त्यातली टोपी गेली. ज्या आठवणीला दरवर्षी कुणाचा तरी घाम लागतो ती राहते, आणि हार घालून काम भागतं ती गाडीचं नाव होते, असं माझं मत झालंय. कुणी खोडून काढलं तर मला आनंदच आहे.

इथवर लिहून थांबलो असतो, तर हा लेख गावाच्या अभिमानाचा झाला असता. पण सोलापुरात आणखी एक जागा आहे. सेटलमेंट.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. पारधी, कैकाडी, टकारी, भाट अशा अनेक जमातींची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली. सुधारणा, असं त्याचं नाव होतं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही, आणि दिवसभर राबायचं, ते गिरण्यांत. म्हणजे ज्या कापडाचा आम्हाला अभिमान, त्याचं सूत या हातांनीही कातलेलं आहे. कायदा देशभरातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्तांच्या सभांतून आजही सांगतात, की पंडित नेहरू सोलापूरला आले आणि त्यांनी ती तार कापली. मार्शल लॉ एकोणपन्नास-पन्नास दिवसांचा, त्याला पुतळे आहेत, नाट्यगृह आहे, रेल्वेगाडी आहे. तार चाळीसेक वर्षं होती.

माझा एक मित्र तिथला. दोघं एकाच कॉलेजात होतो. त्याच्या आईच्या गोष्टी लिहून काढाव्यात असं मला बरेच दिवस वाटत होतं. एकदा चहा पिताना त्याच्यापुढं विषय काढला. जुनी माणसं चालली, आठवणी जातील, वगैरे जे म्हणायचं ते सगळं म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं.

‘आई सांगणार नाही,’ तो म्हणाला. ‘आणि मी तिला विचारणार पण नाही. अर्ज भरताना पत्ता बदलून लिहायला तिनंच शिकवलंय आम्हाला. माझ्या पोरीला तर ठाऊकच नाही. नसू दे की.’

मी म्हणालो, पण हा इतिहास आहे.

‘इतिहास तुझा बे,’ तो म्हणाला. ‘आम्ही विसरायचं म्हणतो, तर पोलीस विसरू देत नाहीत. कुठं चोरी झाली की पहिली गाडी अजून आमच्याकडं येते. त्यांचं रजिस्टर बघ, तिथं सगळं नीट आठवणीत ठेवलंय. तुला लिहायचंच असेल तर एक कर. तारेच्या आतल्यांचं आम्ही बघू. बाहेर कोण उभं होतं, ते तुझ्याकडचे लोक सांगतात का विचार.’

त्याचं बरोबर होतं. विसरणं हा काही सगळ्यांना सारखाच तोटा नसतो. कुणासाठी ते चोरीला गेलेलं घर, तर कुणासाठी मोठ्या कष्टानं बांधलेलं. आणि गावानं लक्षात ठेवावं असं जे आहे, ते कुंपणाबाहेरच्यांनी सांगायला हवं, कारण लाज वाटायची पाळी त्यांची आहे.

मी आजोबांच्या गोष्टी आठवून पाहिल्या. जॉबरच्या, संपाच्या, ८ मेच्या, साच्यात बोट गेलेल्या माणसाच्या, गिरणीच्या आवारातल्या मारुतीच्या, पगाराच्या दिवशी दारावर उभ्या राहणाऱ्या पठाणाच्या. इतकी वर्षं ते ज्या गिरणीत होते तिथं सेटलमेंटची माणसं त्यांच्या आसपास असणारच. एका पाळीत, एका नळावर. त्यांतला एकही माणूस त्यांच्या एकाही गोष्टीत नव्हता. नाव नाही, चेहरा नाही, टोपणनावसुद्धा नाही.

आता विचारायला आत्या तेवढी उरलीय. दमाणी नगरात लेकाकडं असते, ऐकू कमी येतं, पण जुनं विचारलं की स्वच्छ बोलते. मी गेलो तेव्हा ती मटार सोलत होती. दोनदा मोठ्यानं विचारावं लागलं.

‘सेटलमेंटवाले? होते की. मिलमध्येच होते.’

आजोबा काही सांगायचे त्यांच्याबद्दल?

‘नाही रे. काय सांगणार?’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘आई रागवायची तेव्हा काढायचे बापू त्यांचं नाव. भोंगा होऊन इतका वेळ झाला, भाकरी गार झाली, कुठं होतात म्हणून आई विचारायची. तर बापू म्हणायचे, गेटावर खोळंबा झाला, सेटलमेंटवाल्यांची मोजणी चाललेली, एक माणूस कमी भरला, परत पहिल्यापासून मोजले. त्यांचं झाल्याशिवाय आम्हाला सोडत नाहीत.’

‘मग?’

‘मग काय,’ आत्या म्हणाली, ‘आई भोंग्याला पीठ मळायची, बापू आल्यावर थापायची. तेव्हापासून तसंच चालू झालं आमच्याकडं.’